खडा आणि कणी

संगमनेरच्या मरियाबाईंनी मुलींच्या बोर्डिंगात बावीस वर्षं तांदूळ निवडला. दीडशे पोरींच्या भातात एकदाही खडा निघाला नाही, हे त्या कुणी न विचारताही सांगत. गेल्या नाताळानंतर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, नजर लख्ख झाली, आणि मग त्यांना पडला प्रश्न: आता निवडायचं काय? घरात माणसं दोन, तांदूळ पाकिटातला.

काम आणलं लेकीनं. जास्मिन कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि आकाशातल्या दीर्घिकांवरच्या एका प्रकल्पातही काम करते. दीर्घिका म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचे पुंजके. दुर्बिणीनं काढलेल्या त्यांच्या लाखो चित्रांत यंत्र जिथं अडतं, तिथं माणसाच्या डोळ्यानं ठरवायचं असतं. दीर्घिका गोल, चक्री की आडवी, की चित्रच खराब? तिनं लॅपटॉपच्या चार बटणांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या.

"हे करून व्हनार काय?" योहान म्हणाले. एसटीतून रिटायर झालेले मरियाबाईंचे नवरे चहा पीत शेजारीच बसले होते.

"विश्व पसरतंय, पप्पा, आणि पसरायचा वेग वाढतोय. कशामुळे ते माहीत नाही, म्हणून त्याला नुसतं डार्क एनर्जी म्हणतात. कुठल्या काळी दीर्घिका एकमेकींपासून किती लांब होत्या हे मोजलं, तर पत्ता लागेल."

"भाऊ-भाऊ लांब जात्यात तसंच की," मरियाबाई म्हणाल्या. "कोन ढकलतं ते दिसत न्हाई."

"लई चांगलं दिसतं. तुज्या भावजया."

मरियाबाईंनी योहानच्या पुढ्यातली खारी उचलून डब्यात टाकली आणि कामाला लागल्या. आठवडाभर सकाळचं आवरलं की त्या टेबलाशी. पाचशे चित्रं झाली.

शनिवारी जास्मिन आली ती तोंड पाडूनच. "मम्मी, पाचशेत चाळीस चित्रं परीक्षेची होती, उत्तरं आधीच ठरलेली. तुझी अकरा चुकली. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर तुला पुढची चित्रं मिळणार नाहीत."

"माजी?" मरियाबाईंचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा आता नव्हताच.

"सगळी तांबूस, पुसट, बारकी. तू ती 'खराब'मध्ये टाकलीस. पण मम्मी, दीर्घिका जेवढी लांबची, तेवढा तिचा उजेड तांबडा होत येतो. आम्हाला तीच तर हवी असतात."

"घरातलं मीठ सापडत न्हाई, निगाली आबाळ निवडायला," योहान म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

"सोडून दे मम्मी. डोळ्याला त्रास नको."

मरियाबाईंनी कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला त्या बाहेर आल्या. "कनी मी कदी टाकली न्हाई," त्या म्हणाल्या. तांदळाची तुटकी कणी त्या वेगळी ठेवत आणि रविवारी पोरींना तिची खीर करत. टाकायचा तो फक्त खडा. "मला वाटलं, काचेवरचा डाग हाय. डाग कोनता आन् दीर्घिका कोनती, ते कसं वळखायचं?"

जास्मिन सांगू लागली, पण मरियाबाई स्वतःशीच बोलत होत्या. "माज्या डोळ्यात ठिपका हुता तवा जिकडं बघीन तिकडं तो संगं यायचा. भिंतीवर बघा, ताटात बघा, जागा तीच." त्यांनी टाकलेली चित्रं ओळीनं उघडली. एक डाग सात चित्रांत उजव्या कोपऱ्यात, तिथल्या तिथं. "हा दुर्बिनीचा. ह्यो खडा." पुढचा पुसट ठिपका फक्त एकाच चित्रात होता. "ही कनी."

जास्मिन पुढं वाकून बघत राहिली. "आमच्याकडे हे तपासायला वेगळा प्रोग्राम आहे."

"आसंल," मरियाबाई म्हणाल्या आणि पुढचं चित्र उघडलं.

रविवारी चर्चहून आल्यावर साडी न बदलताच त्या बसल्या. टाकलेली एकशे दहा चित्रं पुन्हा पाहिली. योहाननी भात लावला; पाणी जास्त झालं, तरी तो गचका भात त्या टेबलाशीच बसून जेवल्या.

सोमवारी दुपारी जास्मिनचा फोन आला. "चाळीसपैकी एकोणचाळीस! नवी पाचशे पाठवलीत."

योहान म्हणाले, "आता मीठ मीच शोधीन."

"आन् ते एक कोनतं?" मरियाबाईंनी विचारलं.

"जाऊ दे ना मम्मी."

"दाव."

जास्मिननं चित्र पाठवलं. मरियाबाईंनी ते मोठं केलं, शेजारची तीन उघडून पाहिली, पुन्हा मोठं केलं.

"ह्यो डागच हाय," त्या म्हणाल्या. "त्यास्नी सांग, परत एकदा निवडा."