बंद न पडणारा प्रोजेक्टर

मी डूख धरतो. हा माझा जुना दुर्गुण आहे आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. साडूने माझ्या बायकोला आखाजीच्या दिवशी भजी तळायला पाठवलं, त्याच दिवशी मी ठरवलं की याचा वचपा काढायचा आणि तोही प्रोजेक्टरनेच काढायचा.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. त्या माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, रस-पुरणपोळी खातात आणि त्या दिवशी त्यांना कुणी काडीचं काम सांगत नाही. सासूबाईंना दोनच मुली. थोरली माझ्याकडे जळगावला, धाकटी धुळ्याला. शेवटची वर्षं सासूबाई धाकटीकडे राहिल्या, म्हणून साडूचं घर हेच माझ्या बायकोचं माहेर. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला त्यांच्या नावाची घागर तिथेच पुजली, आणि जेवणं झाल्यावर साडू आम्हा सगळ्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेला. तिथे त्याने होम थिएटर केलं होतं. काळे पडदे, मऊ सोफे, छताला टांगलेला प्रोजेक्टर. सासूबाईंच्या पंचाहत्तरीचं शूटिंग तो दाखवणार होता.

बायको सगळ्यांत पुढे बसली होती. आई आता भिंतीएवढी दिसणार म्हणून तिने चष्मा दोनदा पुसला. तेवढ्यात साडू म्हणाला, "ताई, तुमच्या हातची भजी म्हणजे भजी. चहाबरोबर तेवढी टाका ना." ती उठली आणि खाली गेली. धाकटी बहीण अर्धवट उठली नि परत बसली. मीही बसूनच राहिलो, पण आतून पेटलो होतो.

शूटिंग निम्म्यावर आलं आणि भिंत काळी झाली. बाहेर वैशाखाचं ऊन, वर स्लॅब तापलेला, प्रोजेक्टर गरम होऊन आपोआप बंद पडला. बायको भज्यांचं ताट घेऊन आली तेव्हा सगळे काळ्या पडलेल्या भिंतीकडे पाहत होते. साडूने पेनड्राइव्ह काढून तिच्या हातावर ठेवला आणि घरी पाहा म्हणाला. मी म्हणालो, हवा आत घेणारी जाळी धुळीने बुजली असेल, मागे हात लावून पाहा. त्यावर तो हसला. "भाऊ, ही कापसाची गाडी नाही, हात घालून कळायला."

सगळे हसले. मी उभा जन्म जिनिंगमध्ये कापूस पारखला. शेतकरी गाडी आणतो, वरचा कापूस कोरडा, पांढराशुभ्र असतो. पारखणारा वरचं पाहतच नाही. तो खांद्यापर्यंत हात आत खुपसतो आणि तळातली मूठ बाहेर काढतो. ओल असेल तर ती तिथे सापडते. या हातावर माझं घर चाललं, आणि हा त्याच हातावर हसला.

घरी आल्यावर बायकोने पेनड्राइव्ह बटणांच्या डब्यात टाकला. टीव्हीवर लावू का, असं मी तीनदा विचारलं. "पाहू," एवढंच ती म्हणाली. मी त्याचा अर्थ असा लावला की तिला अपमान झोंबलाय, आता छोट्या पडद्यावर तिचं समाधान होणार नाही. मग मी प्रोजेक्टर शोधायला बाहेर पडलो. चांगला दिसणारा मला नको होता. खानदेशच्या उन्हात, भर दुपारी, साडूसमोर बंद न पडणारा हवा होता.

दुकानांमध्ये सगळेच प्रोजेक्टर चांगले दिसतात. काळोखी खोली, गार एसी, पडद्यावर समुद्र आणि पोपट. मी म्हणायचो, एसी बंद करा आणि हा दोन तास चालू ठेवा. पहिल्या दुकानदाराला वाटलं मी चेष्टा करतोय. दुसऱ्याने चहा मागवला आणि चहा संपायच्या आत मशीनही बंद केलं. तिसऱ्याने दिव्याचं आयुष्य हजारो तासांत सांगितलं. मी विचारलं, बिघडला तर दुरुस्त कुठे होतो? तो म्हणाला, नाशिकला पाठवावा लागेल. किती दिवस लागतात, यावर तो छताकडे पाहू लागला. एकाने तर सीलबंद म्हणून खोकं उघडलं आणि पडद्यावर वापराचे तास शून्य दाखवले. मी मागच्या जाळीत करंगळी घातली तर धुळीची वात बाहेर आली. ती मी काचेच्या काउंटरवर, दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर ठेवली आणि म्हणालो, शून्य तासांत एवढी धूळ खाल्ली का यानं? ते गिऱ्हाईक निघून गेलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मग अक्कल आली. विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. मी वापरणाऱ्यांकडे गेलो. जळगावात एका क्लासमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रोजेक्टर चालतो. तिथल्या शिपायाने मला सगळं शिकवलं. जाळी दर पंधरवड्याला जुन्या टूथब्रशने साफ करायची. आतला पंखा थांबेपर्यंत बटण बंद करायचं नाही. वीज वरखाली होते म्हणून मध्ये स्टॅबिलायझर हवा. आणि दिव्याचा घेऊ नका, लेझरचा घ्या, तो कमी तापतो. कोणत्या वर्गातलं मशीन अजून एकदाही दुरुस्तीला गेलं नाही, तेही त्याने बोटाने दाखवलं. रावेरला केळीवाल्यांच्या एका सभागृहात त्याच मॉडेलचं मशीन पत्र्याखाली चालताना मी पाहिलं. मागे हात धरला, वारा गरम होता पण सरळ येत होता. मी तेच घेतलं.

घरी चैत्रात मी खिडक्या लावून, पंखा बंद करून ते तीन दुपारी चालवलं. समोर नुसती पांढरी भिंत, आणि घामाने निथळत मी त्याच्या मागे हात धरून बसलेला. बायको दारातून म्हणाली, एवढं कशासाठी? मी म्हणालो, तुझ्यासाठी. ती आत गेली.

आखाजीला साडूला सहकुटुंब जेवायला बोलावलं. रस झाला, पोळ्या झाल्या. दुपारी तीन वाजता, बाहेर ऊन ओकत असताना, मी पडदे ओढले. बायकोला मधली खुर्ची दिली, शेजारी तिच्या बहिणीला बसवलं. पेनड्राइव्ह तिने स्वतःच डब्यातून काढून दिला. मग वर्षभर घोटून ठेवलेलं वाक्य मी सगळ्यांसमोर बोललो. "आज लेकी बसतील. भजी आपण दोघं साडू तळू."

साडूचा चेहरा पडला. त्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर बेसनाचे शिंतोडे उडाले, कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते मन भरून पाहिलं. त्याचा प्रोजेक्टर दिवाळीतच कायमचा गेल्याचं धाकटीने जेवताना सांगितलं होतं. मी त्याला मुद्दाम विचारलं, तुमचा कसा चाललाय? तो म्हणाला, बंद आहे. स्वयंपाकघराचं दार मी उघडं ठेवलं होतं. तिथून भिंत स्वच्छ दिसत होती आणि सासूबाई भिंतीएवढ्या झाल्या होत्या.

निम्मं शूटिंग झालं. धुळ्याला जिथे बंद पडलं होतं, ती जागा ओलांडून चित्र पुढे गेलं. मी झारा वर करून साडूला म्हणालो, पाहा, चालतोय. सासूबाईंना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती, आखाजीच्या आसपासचा जन्म म्हणायच्या, म्हणून पंचाहत्तरीही आखाजीलाच केली होती. भिंतीवर धाकटी त्यांना ओवाळत होती. सासूबाईंनी तिचा हात धरून थांबवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "मन्ही मोठी कोठे शे?" त्या म्हणाल्या. "तिले बलावा ना."

शूटिंगमध्येच मागून एका पुरुषाचा आवाज आला. क्लासच्या शिपायाने सांगितलेला स्पीकर मी जोडला होता, एकेक अक्षर ऐकू येत होतं. "येईल हो ती, आई. तुम्ही ओवाळून घ्या. आज पाहुणे फार आहेत, तिला मीच भजी टाकायला सांगितलंय."

आवाज माझा होता. मला ते आठवत नव्हतं. किती शोधलं तरी आठवेना. भिंतीवर सासूबाई अजून दाराकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि धाकटीने ओवाळलं.

मी साडूकडे पाहिलं. आता हसायची पाळी त्याची होती. तो हसला नाही. त्याने खाली मान घातली आणि पुढचा कांदा चिरायला घेतला. वीज जावी असं मला वाटलं. मशीन तापावं, भिंत काळी व्हावी. वैशाखाची दुपार होती, खिडक्या बंद होत्या, पंखाही बंद होता, आणि ते एका लयीत चालत होतं.

मी झारा घेऊन दारात आलो. बायको सरळ बसली होती. ज्या घटकेला ती स्वतः कढईपाशी होती, ती घटका ती आता पाहत होती. बटणांच्या डब्यात पेनड्राइव्ह का पडून होता, ते मला आत्ता कळलं. मी तिला हाक मारली. तिने भिंतीवरून नजर काढली नाही.

"भजी करपी राहिनात," ती म्हणाली. "जा."

मी आत गेलो.