खुनी कधी पळत नाही

माझ्या काकाने पडद्यावर किती माणसं मारली, ते मोजायला बसलं तर हातापायांची बोटं पुरणार नाहीत. घरात मात्र साधं झुरळ दिसलं तरी तो काकूला हाक मारतो.

काकाचं लॉन्ड्रीचं दुकान आहे. तो इतका धिप्पाड, की इस्त्रीच्या टेबलामागे उभा राहिला की दुकानच लहान वाटतं. जवळच्या स्टुडिओतून भयपटांचे कपडे त्याच्याकडे धुवायला यायचे. सिनेमातलं रक्त म्हणजे रंगवलेला साखरेचा पाक, त्यामुळे गाठोडं सोडायच्या आत मुंग्या हजर! एकदा कपडे न्यायला खुद्द दिग्दर्शक आला. त्याने काकाला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "मुखवटा घालाल का?" झालं, आमचा काका खुनी झाला.

ते सगळे सिनेमे एका छापाचे. सुट्टीला आलेली तरुण मंडळी, ओसाड घर, दिवे जाणार, आणि "मी बघून येतो" म्हणणारा हमखास मरणार. पोरं जीव मुठीत धरून पळतात, ठेचकाळतात, पडतात. मुखवटेवाला खुनी मात्र कधीच पळत नाही. तो सावकाश, पाय घासत येतो आणि तरी बरोब्बर गाठतो. ती चाल आमच्या काकाची! थिएटरात तो चालायला लागला की किंकाळ्या उठायच्या, आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, "माझा काका आहे तो!"

काकूने मात्र त्याचा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. शेवट जवळ आला की ती दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घ्यायची. आम्ही तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायचो. काकाही हसण्यावारी न्यायचा, पण घरी आल्यावर हळूच विचारायचा, "शेवटचं पाहिलंस का गं?" त्यावर ती भांडी आवरायला उठायची. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मग आला हा नवा सिनेमा! दिग्दर्शिका तरुण मुलगी, काकाचे सिनेमे बघतच मोठी झालेली. तिला त्या सगळ्या प्रकाराची मनसोक्त टिंगल करायची होती. तिच्या गोष्टीतल्या पोरांनी असले सिनेमे आधीच पाहिलेले असतात. तळघरातून आवाज आला तर ती म्हणतात, "छे, तळघरात जायचं नसतं," आणि अंगणात खुर्च्या टाकून गप्पा मारत बसतात. खुनी बिचारा खाली अंधारात वाट बघून कंटाळतो. हे ऐकून मी हसून हसून आडवी झाले.

ती दुकानात आली आणि तिने आधी विचारलं, "काका, ती चाल कुठे शिकलात हो?"

काका ओशाळला. "शिकतोय कसला! मुखवट्यात चष्मा मावायचा नाही. आणि तो काढला की मला पुढचं काही दिसत नाही. पडू नये म्हणून पायाने चाचपत चालायचो, एवढंच."

तिने टेबलावर हात आपटला. "हे सिनेमात हवंच! या वेळी मुखवट्यावरून चष्मा घालायचा!"

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकूने एकच विचारलं, "शेवटी यांना मारतात का?"

"पण तुला तर पोरं मरतात त्याची भीती वाटते ना?" मी म्हणाले.

"त्या पोरांच्या मरण्याची कसली भीती? पण शेवटी दर वेळी यांनाच मारतात. कधी कुऱ्हाडीने, कधी पेटवून, कधी कड्यावरून ढकलून. माझ्याच्याने नाही बघवत."

काकाचा हात जागच्या जागी थांबला. इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट भाजून निघाला, तरी त्याला पत्ता नाही. दिग्दर्शिका म्हणाली, "काकू, शेवट सांगता यायचा नाही. पण तुम्ही या बघायला." काकालाही बोलायची बंदी होती. काकूने पुढे हरप्रकारे खोदून पाहिलं, पण तो मूग गिळून बसला.

पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. मला एका जागी बसवेना! चष्मा लावलेला खुनी पडद्यावर आला मात्र, थिएटर हसून कोसळलं. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. शेवट आला तसे तिचे हात मांडीवरून उचलले गेले.

पडद्यावर खुन्याचा चष्मा हरवला होता. तो पलंगाखाली, टेबलावर, उशीखाली चाचपत होता, आणि चष्मा होता त्याच्याच डोक्यावर! घरी रोज सकाळी हेच चालतं. मागून नायिका कुऱ्हाड उगारून पुढे येत होती. काकूचे हात डोळ्यांपर्यंत गेले आणि खाली आले. ती ताडकन उभी राहिली.

"अहो, डोक्यावर आहे चष्मा! मागे बघा! पळा, अहो पळा!"

पडद्यावरच्या खुन्याने डोक्याला हात लावला. चष्मा डोळ्यांवर आला. त्याने वळून कुऱ्हाड पाहिली आणि तो चक्क पळाला! हातवारे करत, ओरडत, दारातून अंगणात, खुर्च्या उलथवत थेट रस्त्याला लागला. लोक उभं राहून टाळ्या, शिट्ट्या वाजवत होते. नावं वर सरकत होती, तरी मागे तो पळतच होता.

काका मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. तो काकूकडे बघत होता, आणि त्याच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या.

काकू धापा टाकत खाली बसली आणि त्याच्या दंडावर चापट मारून म्हणाली, "बघा! एकदा तरी माझं ऐकलंत."