राजमणी आणि हासिनीची शाळा

तेलंगणातल्या सिरसिल्ल्यात आमच्या गल्लीत राजमणी लग्न होऊन आली तेव्हा भारी हसरी होती. विड्या वळताना हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. नवरा भूमेश मस्कतला बांधकामावर. घरात ती, सासू लच्चव्वा आणि लेक हासिनी. आमच्या ओसऱ्या एकमेकींना लागून, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

हासिनी तान्ही असल्यापासूनच वेगळी. भिंतीपलीकडं दिवसभर माग खडखडायचे, त्यात ती गाढ झोपायची. पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळत सुटायची. शिवण टोचते म्हणून फ्रॉक उलटा घालायचा. दहीभाताला लोणच्याचा थेंब लागला तर ताट थेट अंगणात.

"लाडावून ठेवलीय," लच्चव्वा म्हणायची. "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

घरात कसंबसं निभायचं. शाळा सुरू झाली आणि पार बिनसलं.

इंग्रजी शाळेची हौस भूमेशची. कडक कॉलर, टाय, बूट. राजमणीनं गणवेश धुऊन धुऊन मऊ केला, कॉलरमागची चिठ्ठी उसवली, मोजे उलटे चढवले. तरी वर्गात पोरं एका सुरात पाढे ओरडायला लागली की हासिनी बाकाखाली.

"टीचर, तिला दाराजवळ बसवा ना," राजमणी स्वरूपा टीचरला म्हणाली. "गलका सोसत नाही तिला."

"एकीला दार दिलं की उद्या सगळे मागतील, अम्मा. घरी जरा शिस्त लावा."

मग बतुकम्माचा सण आला. शाळेच्या मैदानात तरवड आणि कुरडूच्या फुलांचे मनोरे रचलेले, तीच बतुकम्मा देवी, शेजारी दोन मोठे स्पीकर. पोरींनी भोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा. राजमणी आदल्या दिवशी विचारून आली होती, हिला वगळलं तर चालेल का? नाही म्हणाले. भूमेशही फोनवर चिडला. "सगळ्यांच्या पोरी नाचतात, हिलाच काय झालंय? मला व्हिडिओ पाठव." शेवटी तिनं लेकीला जरीचा परकर नेसवला. नेसवताना हासिनी रडली नाही, नुसती ताठ झाली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

गाणं लागलं तशी ती जरीचे काठ ओरबाडायला लागली. टीचरनं हाताला धरून फेरात ओढलं. हासिनीनं तो हात कडकडून चावला, रक्त आलं. सुटायच्या धडपडीत पाय लागून एक बतुकम्मा आडवी झाली, फुलं मातीत.

"अगं, देवीला लाथ मारली!"

"काहीतरी लागीर आहे पोरीला."

राजमणी दिसेल त्याला हात जोडत होती. हासिनी पळाली ती पाण्याच्या टाकीमागं, आणि भिंतीवर डोकं आपटू लागली. सण बघायला आलेल्या आम्ही बायका धावलो. राजमणीनं भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला तळहात घातला आणि आपटणं थांबेपर्यंत काढला नाही. हात असा सुजला की पुढं कितीतरी दिवस तिला विडी वळता आली नाही. शाळेनं सांगितलं, आता आणू नका.

करीमनगरच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला नीट पाहिलं. म्हणाल्या, "हट्टी नाही ही. आपल्याला गुदगुली होते तिथं तिला चटका बसतो. आवाज, कापड, गर्दी, सगळं तिला जास्त लागतं. दर आठवड्याला आणा, शिकवू."

"बरी कधी होईल?"

"ताप उतरतो तसं हे उतरत नाही, अम्मा. हळूहळू सोपं होईल."

पण करीमनगरला जायचं तर बसनंच. हॉर्न वाजला की हासिनी किंचाळायची. "उतरवा हो त्या पोरीला!" लोक ओरडायचे, आणि दोघी मध्येच कुठंतरी उन्हात उतरायच्या. चार-दोन फेऱ्या झाल्या, मग ते सुटलं.

पुढं सरकारी शाळेत घातलं. तिथं देवय्या सर भले. घरचा मऊ फ्रॉक चालेल म्हणाले, वर्गाबाहेर ओसरीत बसायला दिलं. हासिनी तिथून फळा बघायची आणि फरशीवर बोटानं अक्षरं काढायची. एकदा घरी येऊन तिनं लच्चव्वाला धडा म्हणून दाखवला. त्या दिवशी राजमणी पूर्वीसारखी हसली.

वर्ष संपायच्या आत सरांची बदली झाली. नवे सर म्हणाले, पोरगी बाहेर बसलेली साहेबांनी पाहिली तर माझी नोकरी जाईल. राजमणीनं त्यांचे पाय धरले. त्यांनाही कसंनुसं झालं, पण ओसरी सुटली ती सुटलीच, बसायचं तर वर्गात.

आता हासिनी एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत टिकते, बाकी दिवस नाही. भूमेश फोनवर म्हणतो, शाळा सोडव. लच्चव्वा नवस बोलते. परवा विड्या वळता वळता राजमणी थांबली.

"अक्का, एका जागी दुखत असतं तर तिथं फुंकर घातली असती. हिला सगळीकडंच दुखतं. मी कुठं हात ठेवू? माझा हातसुद्धा तिला कधीकधी सोसत नाही."

 तिच्या सुपातली पानं सुकत चालली होती, मी त्यांच्यावर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या. आत घंटा झाली तशी हासिनी मागं वळली. राजमणीनं तिला ओढलं नाही. दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि लेकीच्या मागून, अंगाला धक्का लागणार नाही इतकं अंतर ठेवून, घरी आली.