मशीनची हवा

कवडूजी बारापात्रे हवेचं काम कापडगिरणीत शिकले. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून गिरणीत पाण्याचा बारीक फवारा मारून खात्यातली हवा ओलसर ठेवावी लागते. त्या कामावर ते बारा वर्षं होते. दारातून आत पाऊल टाकलं की हवा किती तापली आहे हे त्यांना गालावर कळायचं. थर्मामीटर ते नंतर बघत, आणि तो बहुतेक त्यांच्याच मताचा निघे.

१९७५ साली सिव्हिल लाइन्समध्ये पंपजोडणी मंडळाचं संगणक केंद्र उघडलं. विहिरीवर विजेचा पंप बसवायला अर्ज केलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्यांची क्रमवारी तिथे ठेवायची होती. मशीन म्हणजे लोखंडी कपाटांची एक लांब रांग. ती स्वतःच इतकी तापायची, की चोवीस तास गार हवा दिल्याशिवाय चालायचीच नाही. खोलीच्या खऱ्या फरशीवर हातभर उंच दुसरी फरशी होती, आणि तिच्या भोकांतून गार हवा वर यायची. बाहेरची वीज कधी चढायची, कधी उतरायची. म्हणून ती आधी एक मोटर फिरवी, मोटर जनित्र फिरवी, आणि जनित्राची एकसारखी वीज मशीनला मिळे. ही वीज आणि ही हवा सांभाळायला मंडळाने कवडूजींना घेतलं. पाचपावलीहून ते सायकलने यायचे, डबा प्लँटच्या खोलीत खिळ्याला अडकवायचे आणि हवा गार करणाऱ्या दोन्ही कॉम्प्रेसरांवर एकदा हात ठेवून मगच खुर्चीत बसायचे.

पहिली तीन-चार वर्षं बरी गेली. तेव्हा कवडूजी चिडके नव्हते. गप्प असायचे, एवढंच.

१९७९च्या मार्चमध्ये दोन कॉम्प्रेसरांपैकी एकाचं बेअरिंग गेलं. कवडूजींनी तो उघडून ठेवला आणि सुटा भाग मागवायचा कागद त्याच दिवशी लिहून दिला. तो कागद केंद्राचे प्रमुख मनोहरराव यांच्या टेबलावर राहिला. मनोहरराव शिकलेले होते, बोलायला गोड होते, आणि मशीन त्यांच्या लेखी पाहुण्यांना दाखवायची वस्तू होती. आठवड्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी पाहायला यायचं. हे पाहुणे मशीनमधून आपलं नाव छापून निघालेला कागद घडी करून घरी न्यायचे.

एप्रिलच्या मध्यावर कवडूजी जेवून परत आले, तर दोन पत्रेवाले शिडीवर चढून गार हवा नेणाऱ्या मुख्य डक्टला भोक पाडत होते.

"हे काय करून राहिले गा?" त्यांनी विचारलं.

"साहेबाच्या खोलीत फाटा द्यायचा आहे. अन् शेजारच्या बैठकीच्या खोलीत."

कवडूजी तसेच साहेबांच्या खोलीत गेले. खिडकीत कूलर चालू होता आणि वाळ्याचा वास सुटला होता.

"साहेब, एकच कॉम्प्रेसर चालू आहे. त्याची हवा मशीनलेच पुरत नाई. तुमाले फाटा दिला त मे महिन्यात मशीन बसल."

मनोहररावांनी फाईल मिटली. "कवडूजी, कूलरने कागद ओले होतात. पाहुणे घामाघूम होऊन बसतात. मंडळाची काही प्रतिष्ठा आहे की नाही?"

"मंग दुसरा कॉम्प्रेसर आधी उभा करू द्या. त्याचा कागद तुमच्याकडेच आहे न."

"तो मंजुरीला मुंबईला जाईल. तुम्ही तुमचं काम बघा."

कवडूजींनी त्या दिवशी प्लँटच्या रजिस्टरात, तापमानाच्या रकान्याखाली, सरळ लिहून ठेवलं: 'मुख्य डक्ट फोडून साहेबांच्या खोलीला फाटा दिला. मशीनला हवा कमी पडते.' दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी त्यांना बोलावून, आवाज न चढवता सांगितलं की रजिस्टर आकड्यांसाठी असतं, मतांसाठी नसतं.  प्लँटवर परत आल्यावर कवडूजींनी पाना बाकावर आपटला तो इतक्या जोरात, की बाकाची फळी चिरली.

आता आकडेच बोलू लागले. बावीसला राहायची ती खोली चोवीसला आली, मग पंचविसाला. मशीनवाल्यांचा नियम भिंतीवर लावलेला होता: सत्तावीसच्या वर गेलं की मशीन बंद. कवडूजींनी कॉम्प्रेसरला पाणी पुरवणाऱ्या गच्चीवरच्या टाकीत इतवारीहून बर्फाच्या लाद्या आणून टाकायला सुरुवात केली. गार पाण्याने कॉम्प्रेसरचा दाब उतरायचा आणि दुपार निभायची. भर उन्हात गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन जिना चढताना खालून साहेबांच्या खोलीतल्या गार हवेची सुरसुर ऐकू यायची. 

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून मंडळाचे संचालक येणार म्हणून निरोप आला. ते आले त्या दिवशी शहराचा पारा शेहेचाळीसवर होता. दुपारी तीनच्या सुमारास मशीनच्या खोलीत पस्तीस-चाळीस माणसं उभी होती, आणि माणूससुद्धा खोली तापवतोच. त्यातच बाहेरची वीज उतरली. कॉम्प्रेसर दोन-चारदा अडखळला आणि बंद पडला. कवडूजींनी तो दोनदा चालू केला. दोन्ही वेळा दाब चढून तो परत पडला. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही. ओल्या सदऱ्यानिशी ते मशीनच्या खोलीत शिरले. संचालक तेवढ्यात चहाला शेजारी गेले होते.

मशीनसमोर नीला बसली होती. ती तिथली ऑपरेटर. मशीनला हुकूम द्यायचा एक टाइपरायटर तिच्यापुढे असायचा. त्यावर जे टाइप होई ते वेळेसकट कागदाच्या लांब गुंडाळीवर उमटे.

"बाई, किती झालं?"

"एकतीस," नीला म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "बंद करू का?"

"करा."

"थांबा." मनोहरराव मागे उभे होते. "पंधरा मिनिटांत संचालक परत येतायत. त्यांच्यासमोर यादी छापून निघाली पाहिजे. बंद करायचं नाही."

"साहेब, सत्तावीसच्या वर चालवायची नाई, हे भिंतीवर लिहून आहे."

"दारं उघडा. बाहेरून पंखे आणा."

कवडूजींना आधी ऐकलेलं खरंच वाटेना. त्या खोलीची दारं चार वर्षांत एकदाही सताड उघडली नव्हती. बाहेर लू चालली होती आणि तिच्याबरोबर मैदानाची धूळ उडत होती. ज्या तबकड्यांवर सगळी नावं साठवलेली होती, त्या वाचणाऱ्या काट्याच्या केसभर खाली फिरत असायच्या.

"धूळ येईल. तबकड्या जातील," ते म्हणाले. "साहेब, मी बंद करून राहिलो."

भिंतीवर मशीन एकदम बंद करणारा लाल स्विच होता. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"हात काढा," मनोहरराव म्हणाले. "तो स्विच दाबलात तर उद्या तुम्ही इथे नसाल. तुमच्या हुद्द्याचं ते काम नाही."

खोलीतले सगळे बघत होते. कवडूजींनी हात काढला.

दारं उघडली. भट्टीतून यावी तशी हवा आत आली. कागद उडाले. नीला खाली मान घालून टाइपरायटरवर काहीतरी बडवत राहिली. सातेक मिनिटांनी एका कपाटातून आवाज आला, पाटीवर खिळा ओढावा तसा. मग दुसऱ्या कपाटातून. नीला उठून उभी राहिली आणि कोणाला न विचारता तिने मशीन बंद केली. तोवर दोन तबकड्या खरवडल्या होत्या. तीन जिल्ह्यांची क्रमवारी त्यांच्यावर होती, आणि जानेवारीत काढलेली दुसरी प्रत मशीनला वाचता येईना.

पुढच्या सोमवारी कवडूजींच्या हातात निलंबनाचा कागद पडला. प्लँटची निगा राखण्यात हयगय, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी रजिस्टर मागितलं. एप्रिलचं ते पान रजिस्टरात नव्हतं. पान फाडलेलं त्यांनी बोट फिरवून बघितलं. मुळाशी कागदाची बारीक पट्टी उरली होती.

घरी ते आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. ताटावर बसायचे आणि उठायचे. शेवटी त्यांच्या बायकोने, रंभाबाईंनी, ताट बाजूला सारलं.

"तुमी काहून बोलून नाई राहिले? चूक तुमची नाई, मंग मान खाली कायले?"

"चूक माही आहे," कवडूजी म्हणाले. "मी हात काढला. नौकरी गेली असती त गेली असती. मी घाबरलो, रंभा."

 आपला नवरा साहेबावर चिडला आहे, एवढंच रंभाबाई धरून होत्या. तो स्वतःवरच इतका पेटलेला असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नरखेडकडचे शेतकरी नत्थूजी केंद्रावर येऊन गेले होते. विहिरीच्या पंपासाठी त्यांचा अर्ज सहा वर्षांपूर्वीचा, आणि नंबर या पावसाळ्याच्या आत लागणार होता. नाव यादीत सापडत नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. कोणीतरी, मशीन एसीवाल्याने बिघडवली म्हणून सांगितलं, आणि नत्थूजी पत्ता काढत थेट पाचपावलीला आले. दारात चप्पल न काढता उभे राहिले.

"तुमीच का ते?"

"मीच."

"काय मिळालं गा तुमाले?" असं म्हणून ते पाणी न पिता निघून गेले. कवडूजी त्यांच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनच परतले.

रविवारी सकाळी नीला आली. पिशवीतून तिने कागदाची एक गुंडाळी काढली आणि चटईवर उलगडली. सगळं इंग्रजीत होतं, मोठ्या अक्षरांत. तिने बोट ठेवून मराठीत वाचून दाखवलं.

"तीन वाजून बारा मिनिटं. प्लँटचा माणूस मशीन बंद करा म्हणतो. तापमान एकतीस. प्रमुखांनी नाही म्हटलं. तीन वाजून चौदा. प्रमुखांच्या हुकमाने दारं उघडली. प्लँटच्या माणसाने धुळीचा इशारा दिला." तिने वर बघितलं. "तुमचं पान फाडलं ना, तेव्हाच मी हे कपाटातून काढलं. वेळ मशीन स्वतः घालते. मागाहून कोणाला घालता येत नाही."

"बाई, तुमची नौकरी?"

"मी आणि कार्डांवर पंचिंग करणाऱ्या अकरा मुली मूळ अर्ज घेऊन पुन्हा तीन जिल्हे टाइप करतोय, दादा. एकेक अर्ज. बोटं सुजली आहेत. मला कोणाला घाबरायची आता सवड नाही."

चौकशी ऑगस्टमध्ये झाली. चौकशी अधिकारी बाहेरगावचे होते. त्यांनी गुंडाळी दोनदा वाचली आणि मनोहररावांकडे चष्म्यावरून बघितलं. मनोहरराव म्हणाले की ऑपरेटरने घाबरून काहीबाही टाइप केलं असावं. नीला म्हणाली, "मग डक्ट बघा." सगळे गच्चीखालच्या माळ्यावर गेले. साहेबांच्या खोलीचा फाटा तिथे अजून होता, नव्या पत्र्याचा, लखलखीत.

महिन्याभराने निकाल आला. मनोहररावांची बदली मुंबईला झाली, वरच्या जागेवर. कवडूजींचं निलंबन मागे घेतलं, आणि पाहुण्यांसमोर वरिष्ठांशी आवाज चढवल्याबद्दल त्यांना सक्त समज देण्यात आली. समज मिळाल्याची सही करायची होती.

नव्या प्रमुखांपुढे कवडूजींनी तो कागद ठेवला. "ही सही मी नाई करत."

"अहो, नुसती समज आहे. विषय मिटवा."

"नाई मिटवत. आवाज चढवला नाई, तेच चुकलं माहं. आणखी एक. मी प्लँट तवाच हातात घेईन, जवा तो लाल स्विच माह्या हाती राहील. सत्तावीसच्या वर गेलं की मी दाबीन, कोनाले न विचारता. हे लेखी पायजे."

तसा लेखी हुकूम निघायला सात महिने लागले. तोवर प्लँट बदली माणूस सांभाळायचा आणि कवडूजी रोज यायचे, प्लँटबाहेर बाकावर बसायचे, आणि वेळ संपली की घरी जायचे. कोणी समजूत घालायला आलं की एकच वाक्य ऐकवायचे: "कागद आणा." काही जणांना ते हट्टी वाटले, काहींना वेडे. हुकूम आला त्या दिवशी त्यांनी आधी शिडी मागवली, साहेबांच्या खोलीचा फाटा स्वतः कापला, भोकावर पत्रा मारला आणि मगच कॉम्प्रेसरला हात लावला.

पुढच्या नऊ वर्षांत त्यांनी तो स्विच चार वेळा दाबला. एकदा तर नंबर लागलेल्यांची यादी छापली जात असताना, वरच्या अधिकाऱ्यांच्या देखत.  

१९८९मध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नीलाने, ती आता तिथली प्रमुख ऑपरेटर होती, चहा पिताना हळूच विचारलं, "दादा, राग गेला का आता?"

कवडूजींनी कप खाली ठेवला. "नत्थूजीले पंप भेटला, दोन वर्षं उशिरानं. मी गेलो होतो त्याच्या गावाले. त्यानं मले ओळखलं नाई. संत्र्याची दीडशे झाडं त्या दोन उन्हाळ्यांत वाळली, असं त्याचा भाऊ सांगे." त्यांनी कप लांब सारला. "अन् तो साहेब मुंबईले बसला हाये, गार खोलीत. राग कसा जाईल, बाई? जायले नाई पायजे."

मग त्यांनी आपल्या जागी आलेल्या नव्या माणसाला बोलावलं आणि गच्चीवर नेऊन टाकीतलं पाणी किती दिवसांनी बदलायचं ते दाखवलं.