मिठू आज घरातून गेला

मंडळी, घरात पोपट पाळणं गुन्हा आहे, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. मग मीच वनखात्याला फोन केला.

आज दुपारी त्यांच्या एक मॅडम लालबागला आमच्या चाळीत आल्या. मिठूला पिंजऱ्यातून काढून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. बारा वर्षं कोंडलेला जीव तो.

जिन्यात मॅडम एकदम थांबल्या. "घरातून आई बोलावतायत तुम्हाला."

आवाज त्यांच्या हातातल्या खोक्यातून येत होता. "बाबू, जेवलंस रे?"

आईला जाऊन चार वर्षं झाली. मिठू रोज तिच्याच आवाजात विचारायचा.

"जेवलो गं," मी सवयीने म्हणालो.

कायदा बरोबरच आहे. पण मंडळी, उद्या रानात आई हाक मारेल, तेव्हा ओ कोण देईल?