आत्याने खुर्ची फिरवली

आमची आत्या परवा गेली. शिवणकाम करायची. तिची मशीन अजून खिडकीशी आहे, सुईत निळा दोरा तसाच.

प्रार्थनाघराचं छप्पर गळायचं. ते आमदार साहेबांनी नवीन घालून दिलं आणि छपराबरोबर त्यांचा हा एवढा मोठा फोटो आला. लावला कुठे, तर समोरच्या भिंतीवर, पाळकांच्या डोक्यावर. मग काय, डोळे उघडले की साहेब. पेटीवाले काका तर आत शिरताना फोटोला हात जोडून म्हणायचे, पोराच्या नोकरीचं तेवढं बघा. सगळे हसायचे. आत्या नाही हसली. शास्त्रातल्या लोकांनीसुद्धा देव सोडून पुजायला सोन्याचं वासरू असंच हसतखेळत केलं असेल, म्हणाली.

फोटो काढा म्हणून तिने पाळकांना दोनदा सांगितलं. ते नुसतं बघू बघू करत राहिले. मग एका रविवारी तिने आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि फोटोकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसली.

गावभर झालं. साहेबांचा माणूस घरी आला. शाळेच्या युनिफॉर्मचं काम आत्याला साहेबांच्याच शब्दावर मिळालेलं, घर त्याच्यावरच चालायचं. तो गोड बोलला, "आत्याबाई, खुर्ची सरळ करा. वर दोन शाळा वाढवून देतो."

आत्या काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेबांचा शब्द साहेबांना परत द्या. मशीन माझी आहे."

काम गेलंच. नुसत्या चेन बदलून आणि जुने कपडे उसवून तिने घर ओढलं. खुर्ची मात्र तशीच. पुढच्या खेपेला शेजारच्या दोघी फिरल्या. मग त्यांच्या सुना. शेवटी पेटीवाले काका कुरकुरत पेटी ओढत इकडे आले, म्हणे पाठींसमोर वाजवायला मजा येत नाही. पाळक एकटे किती दिवस उभे राहणार? एके दिवशी पुस्तक काखेत मारून दारापाशी आले आणि तिथूनच उपदेश केला. तेव्हापासून आमची पुढची बाजू तीच. मागच्या भिंतीवर साहेब बदलले म्हणतात. कोण बघतंय.

काल आत्याची शवपेटी प्रार्थनाघरात आणली. उचलणारे बाहेरचे, त्यांनी ती फोटोपुढे ठेवली. सगळे उठले, पेटीवाले काका सगळ्यात आधी, आणि आत्याला दाराकडे फिरवलं. मग असे गायलो की छप्पर हाललं.