लॉगनांची थडगी आणि माझं इंग्रजी

कवडूजींनी या वयात जायचं कुठे, हा प्रश्न संध्याकाळपासून डोक्यातून हलत नाही. तशी काळजी करणं हा माझा धंदाच आहे. मंदा शिंकली की मला न्यूमोनिया दिसतो, शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली की विहीर दिसते. पण ही काळजी निराळी. ती मी स्वतः, सुवाच्य अक्षरात, तयार केली आहे.

हिंगणघाटला आमच्या घरामागे लॉगन कुटुंबाची दफनभूमी आहे. थोरले लॉगनसाहेब स्कॉटलंडहून आले, त्यांनी इथे कापसातली सरकी वेगळी करणारं जिन काढलं आणि बायको, मुलगे, सुना अशा सगळ्यांसकट इथेच राहिले. जिन केव्हाच विकलं गेलं. त्या घराण्याचं गावात आता उरलंय ते नऊ थडगी, सीताफळाची झाडं आणि कवडूजी.

कवडूजी जिनच्या आवारातच जन्मले. आई कापूस वाहायची. वडिलांनी लॉगनांच्या पाच कबरी खणल्या. शेवटची, धाकट्या साहेबांची, कवडूजींनी. फाटकाजवळच्या खोलीत ते चाळीस वर्षं राहतात. बायको तिथेच गेली. थडगी नारळाच्या काथ्यानं घासतात, अक्षरांत बसलेली माती बाभळीच्या काट्यानं काढतात. वाचता येत नाही, पण कोणतं अक्षर कुठे झिजलंय ते बोटांना पाठ. त्यांच्या मागे फिरत मंदा इंग्रजी मुळाक्षरं शिकली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि माझ्या मुलीनं पाटीवर काढलेला पहिला इंग्रजी शब्द 'डाइड', म्हणजे वारले! पुढचे तीन दिवस मी तिचा ताप बघत होते.

दसऱ्याला नव्या कापसाची पहिली मूठ थोरल्या साहेबांच्या थडग्यावर ठेवायची, ही जिनमधल्या लोकांची रीत. जिन गेलं, लोक पांगले, कवडूजींनी रीत सोडली नाही. दोन वर्षांपूर्वी, छप्पनच्या दसऱ्याला, ते नागपूरला जाऊन बौद्ध झाले. परत येऊन घरातले देव काढले, आणि तिसऱ्या दिवशी कापूस घेऊन थडग्यापाशी हजर. मी शहाणपणानं विचारलं, "कवडूजी, तुम्ही तर देव सोडले ना? मग हे कशाला?"

"साहेब देव कधी होता बाई?" ते म्हणाले. "कापसावाला होता. कापूस आला, दाखवला. तीन दिवस उशीर झाला, तरी काई बोल्ला नाई."

लॉगनांपैकी आता मुंबईत एक वृद्ध मिस लॉगन तेवढ्या आहेत. कवडूजींचा पगार त्याच पाठवतात. दसरा झाला की त्यांना थडग्यांची हकीकत कळवायची असते. पूर्वी जिनमधले कारकून लिहीत, सहा वर्षांपासून मी लिहिते. कवडूजी सांगतात, "तिसऱ्या दगडाले भेग गेली, निंबाचं मूळ वर आलं, रानडुकरं येऊन राह्यले." मी ते इंग्रजीत घालते. यंदा मला वाटलं, त्या म्हाताऱ्या बाईंना डुकरं काय कळवायची? कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळवलेली मी! मी लिहिलं, आपल्या पूर्वजांची विश्रांतिस्थानं अशी अभंग आणि निर्मळ आहेत की आणखी शंभर वर्षं त्यांना कुणा माणसाच्या हाताची गरज भासणार नाही. हे वाक्य मी यजमानांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

आज उत्तर आलं. कवडूजी ते घेऊन दारात उभे राहिले. मिस लॉगन यांना फार समाधान वाटलं होतं. माणसाची गरज नाही, तर महिनाअखेर रखवालदार बंद करावा, खोलीला कुलूप लावून किल्ली नागपूरच्या वकिलांकडे पाठवावी.

"काय म्हन्ते मडम?"

"खूश आहेत," मी म्हणाले.

"म्या म्हनलं नोतं? तुमचं लिवणं तिले आवडीन म्हनून! आनखी काई?"

"तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

सांगितला नव्हता. मंदासाठी आणलेली पाच सीताफळं ओट्यावर ठेवून ते हसत गेले.

यजमानांनी पत्र वाचलं. "एका वाक्यात माणूस घराबाहेर! आमच्या कचेरीला यासाठी तीन नोटिसा लागतात."

"मी दुसरं पत्र लिहिते. सविस्तर."

"नको गं बाई. आणखी एक लिहिलंस तर त्या थडगीही विकतील."

तरी बसले. पहिला मसुदा 'सायंकाळच्या सोनेरी उन्हात' असा सुरू झाला. फाडला. दुसऱ्यात कवडूजी निष्ठेचा मूर्तिमंत पुतळा झाले. तोही फाडला. साडेबारा वाजलेत, मंदाला दोनदा पांघरूण घालून झालं, आणि महिना संपायला नऊ दिवस आहेत.

पत्राच्या माथ्यावर मिस लॉगन यांचा टेलिफोन नंबर छापला आहे. आमच्या बाजूला टेलिफोन फक्त कापसाचे व्यापारी भैय्याजी यांच्या दुकानात. मला त्या यंत्राची धास्ती आहे. मागे आईच्या आजारपणात ट्रंककॉल लावला, तेव्हा मी ऑपरेटरचीच तब्येत विचारली होती. पण ट्रंककॉल तीन मिनिटांचा. तेवढ्यात सोनेरी ऊन बसत नाही. तिसऱ्या दगडाची भेग, निंबाचं मूळ, डुकरं, आणि कवडूजी तिथे राहतात, एवढंच सांगायचं. माणसाची गरज नाही हे वाक्य माझं होतं, कवडूजींचं नव्हतं, हे सगळ्यात आधी.

त्याहूनही आधी एक काम आहे. सकाळी कवडूजींच्या खोलीवर जाऊन पत्र पुन्हा वाचायचं, या वेळी शेवटपर्यंत. मग त्यांना घेऊनच भैय्याजींकडे जाईन. कॉल लागेपर्यंत ते बाकावर शेजारी बसलेले असले, म्हणजे मला फोन न करता घरी पळून येता येणार नाही.